बरणी आपटायची सवय

आमची हेमाली, म्हणजे माझी सून, मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. रंगाची पावडर किती बारीक झालीय, ते लेझरच्या मशीनवर मोजते. मला आधी वाटायचं, पीठ जाडं की बारीक हे चिमटीत धरलं की कळतं, त्याला मशीन कशाला? पण ते कण इतके बारीक, की चिमटीला पत्ताच लागत नाही.

यंदा त्या मशीननं पोरीला रडवलं. एकाच बरणीतली पावडर सकाळी मोजली तर एक आकडा, दुपारी भलताच. तिचे साहेब, प्रीतम, वैतागले. महिनाअखेरपर्यंत आकडे जुळले नाहीत तर मशीन परत पाठवू आणि तपासणी बाहेरून करून घेऊ, म्हणाले. मशीन गेलं की हेमालीची नोकरीही गेली. तिला जेवण जाईना. माझा जीव तुटायचा, पण तोंडातून वाकडंच निघायचं.

अशात एका शनिवारी दुपारी ती लॅपटॉप उघडून बसली. पावडरचे कण कसे मोजायचे, यावर फुकट वेबिनार होता. सुट्टीचा दिवस, ओट्यावर बोंबील तसेच पडलेले, आणि ही बया इंग्रजी ऐकतेय! माझं डोकं फिरलं. मी मुद्दाम मिक्सर लावला, वाटण झालं तरी फिरवत राहिले. तिनं कान स्क्रीनजवळ नेला, पण उठली नाही. मग मलाच कसंतरी झालं. मिक्सर बंद करून मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. हेमाली लिहायची आणि खोडायची. एवढी शिकलेली माणसं, हसतील म्हणाली.

"हसले तर हसले," मी म्हटलं. "ते काय आपल्याकडे जेवायला येणारेत? विचार गं."

तिनं विचारलं. शिकवणाऱ्या बाईंनी उलट विचारलं, बरणीतून पावडर काढतेस कशी? हेमालीनं खरं ते लिहिलं. बरणी टेबलावर आपटते, झाकण उघडते, वरची चमचाभर घेते. ही तिच्या माहेरची सवय, ठाण्याच्या कोळीवाड्यातली. वर्षाचा मसाला भरताना तिची आई बरणी अशी आपटते, की शेजारी काय झालं म्हणून बघायला येतात. बाई म्हणाल्या, घोळ तिथेच आहे. आपटलं की जाडे कण वर येतात, बारीक खाली सरकतात, आणि तू मोजतेस फक्त वरचे. बरणी आडवी धरून हळूहळू फिरव, मग वरून, मधून, तळातून थोडी थोडी घे.

सोमवारी तिनं तसंच केलं. पुन्हा पुन्हा मोजलं, आकडे जुळले. साहेब खूश. मशीनमध्येच बिघाड होता, म्हणाले, आणि मशीनवाल्यांना शिव्या घालायला लागले. ही गप्प बसली असती तरी खपून गेलं असतं.

"सर, मशीन बरोबर होतं," ती म्हणाली. "चूक माझ्या हाताची होती."

घरी येऊन तिनं एवढं सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. अगं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास? मग तिनं पुढचं सांगितलं. साहेब म्हणाले होते, "मशीन राहील. आणि पावडर कशी काढायची, ते सगळ्यांना तूच शिकवायचं."

सांगता सांगता तिला रडू आलं, तिचं बघून मलाही. त्या दिवशी पोरगी पोटभर जेवली.

या शनिवारी पुढचा वेबिनार आहे. बोंबील मी सकाळीच तळून ठेवणार. दुपारी ठाकुर्लीच्या आमच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावला, तर माझ्याशी गाठ आहे.