लवकर पडलेला बर्फ आणि शेखर

शेखर थंडीने गेला नाही. बर्फाखाली श्वास कोंडून गेला.

सांगलीत अजून सगळ्यांना "तिकडच्या थंडीने गेला" असंच सांगतात. सासूबाईंना तेवढंच सोसतं, म्हणून मीही फोनवर कधी खोडून काढलं नाही.

पण आज वर्ष झालं. इथे ग्रुपवर तरी नीट लिहिते.

आम्ही २००२ मध्ये जर्मनीत झिंडेलफिंगेनला आलो. शेखर गिअरबॉक्सवाला इंजिनिअर. पस्तिशीत स्कीइंग शिकला. पहिला सीझन नुसता पडत होता आणि हसत होता. शिकवलं आमच्या वरच्या मजल्यावरच्या योखेनने. मग दोघं हिवाळाभर आल्प्सच्या कडेच्या आल्गॉय भागातल्या एका छोट्या डोंगरावर जायचे. गाडीने बऱ्यापैकी लांब, तरी आम्ही त्याला "आपला डोंगर" म्हणायचो.

मागच्या वर्षी तिथे ऑक्टोबरमध्येच बर्फ पडला.

सगळे खूश. शेखर नाही.

उन्हाच्या बाजूचा बर्फ वितळून गवत दिसायला लागलं. सावलीच्या बाजूचा तसाच राहिला. मग नोव्हेंबर सगळा कोरडा, निरभ्र, कडक गारठ्याचा. त्या गारठ्यात तो जुना बर्फ आतल्या आत सुटा सुटा होत गेला.

त्याने मला एकदा मुठीत घेऊन दाखवला. जाड साखरेसारखा. बोटांतून गळून गेला.

"आता यावर जे पडेल ना, ते नुसतं ठेवल्यासारखं राहणार," तो म्हणाला. "कशाला धरून राहील ते?"

डिसेंबरच्या सुरुवातीला पडलाच. खूप. वाऱ्यासकट.

त्यानंतरच्या शनिवारी लख्ख ऊन होतं. स्कीवाल्यांना वर नेणारी लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. हे महत्त्वाचं आहे. लिफ्ट चालू असते तेव्हा रोज सकाळी माणसं उतार तपासतात, धोक्याचा बर्फ सुरुंग लावून आधीच पाडतात. सीझन उघडण्याआधी तिथे कोणी नसतं. फक्त धोक्याचा एक लाल बोर्ड असतो.

(यंदाही लवकर पडलाय. ग्रुपमधलं कोणी जाणार असेल तर प्लीज, लिफ्ट उघडेपर्यंत थांबा.)

दोघं स्की लावून जंगलातल्या वाटेने हट्टेपर्यंत, डोंगरावरच्या लाकडी विश्रांतीघरापर्यंत, चढणार होते. उघड्या उतारावर पाय ठेवणार नाही, हे त्याने मला न विचारता सांगितलं. मी आणि आमची छोटी लेक ईरा खाली पार्किंगपाशी, बर्फावरून घसरायची स्लेज घेऊन.

वरचा उतार आम्हाला समोरच दिसत होता. गुबगुबीत, गुळगुळीत. त्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. मला तो बघवत नव्हता, का ते तेव्हा कळलं नाही.

जंगल संपतं तिथे त्यांच्या पायाखाली "धप्प" असा आवाज झाला, असं योखेनने मला नंतर सांगितलं. रिकाम्या घराची जमीन खचावी तसा. आणि स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग पुढे पळत गेली.

दोघं तिथूनच मागे फिरले.

मग शेखरचा फोन आला. आवाज नेहमीचा.

"आम्ही परत फिरलोय. पण दोन पोरी त्या उतारावरून वर चालल्यात. हाका ऐकू जात नाहीयेत. त्यांना सांगून येतो."

मी म्हटलं, ईराला भूक लागलीय.

"दे तिला काहीतरी. आलोच."

तो पोरींपर्यंत गेला. त्यांनी ऐकलं, लगेच वळल्या. त्यांना पुढे घालून तो शेवटून येत होता. पहिली झाडांत पोचली, योखेनजवळ.

खालून मला आधी आवाज आलाच नाही. उताराच्या माथ्यावर एक आडवी रेघ दिसली. मग पलंगावरून रजई घसरावी तसा अख्खा उतार खाली आला. आवाज त्यानंतर.

ईरा स्लेजची दोरी सोडवत होती. मी तिला जवळ ओढलं. ती शांतपणे म्हणाली, "पापा कॉम्ट ग्लाइश." पापा येईलच आता.

शेखर आणि दुसरी मुलगी, लेना, दोघं गाडले गेले. दोघांच्या छातीशी पीप्सर होता, बर्फाखालून सिग्नल देणारं यंत्र. योखेनला दोन सिग्नल मिळाले. जवळचा आधी, हा नियम.

जवळ लेना होती.

योखेनने आणि तिच्या मैत्रिणीने तिला उकरून काढलं. श्वास चालू होता. शेखर फार खोल होता, त्याला काढेपर्यंत फार वेळ गेला. हेलिकॉप्टरमधल्या डॉक्टरने खूप वेळ प्रयत्न केला.

त्यानंतर योखेन मला टाळायला लागला. आमचं दार बंद झाल्याचं ऐकूनच जिना उतरायचा. पण आमच्या दारासमोरचा बर्फ रोज सकाळी काढलेला असायचा.

वसंतात मीच वर गेले. दारात उभा राहून तो म्हणाला, "मी जवळच्या सिग्नलकडे गेलो. दुसरा शेखर आहे, हे मला माहीत होतं."

मी म्हटलं, "त्यानेही तिलाच आधी काढलं असतं. मला आत येऊ देतोस का?"

त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा रडलो.

उन्हाळ्यात लेना आली, आईला घेऊन. सोफ्यावर बसली. ईरानेच तिला जर्मनमध्ये विचारलं, आत अंधार होता का.

लेना म्हणाली, होता. हलता येत नव्हतं. पण वर कोणीतरी खणतंय, ते ऐकू येत होतं.

ईरा तिच्याजवळ सरकली.

"मग पापालाही ऐकू आलं असेल?"

लेनाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी. "त्यालाही."

त्या रात्री ईरा कित्येक महिन्यांनी दिवा न लावता झोपली.

शेखर, आम्ही बऱ्या आहोत. तुला आमचा दोघींचा नमस्कार.