इन्सिपिड जावई

पंचवटीतले यज्ञेश्वरकाका इंग्रजीचे निवृत्त मास्तर. वाडवडिलांनी यजमानांना मंत्र सांगितले. काका सगळ्या सोसायटीला इंग्रजी विशेषणं सांगतात, कुणी विचारो न विचारो. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे माझी तर सुटकाच नाही.

लेकीसाठी, स्वरदासाठी, आलेली दोन स्थळं त्यांनी विशेषणांनीच उडवली. एक ‘डल’, दुसरं ‘ड्रॅब’. तिसरा गौरांग. तो मात्र स्वरदाला मनापासून आवडला होता आणि बाबा यालाही उडवणार या धास्तीने पोरगी सुकून गेली होती.

रविवारी तो आईवडिलांबरोबर जेवायला आला. पुरणपोळ्या अनसूयाकाकूंच्या, कटाची आमटी काकांची, वाढायला मी. गौरांग मोजकंच बोलला. छंद विचारला तर म्हणाला, "विशेष काही नाही." झालं! काका आमटी ढवळायला आत आले आणि माझ्यावर पळी उगारून म्हणाले, "इन्सिपिड! नीट ऐक. आधी हा शब्द पदार्थाला. चव नाही, ढव नाही. मग तसल्याच माणसाला, भाषणाला. बोअरिंग माणसाचा निदान कंटाळा तरी येतो. याचा तेवढाही येत नाही!"

स्वरदाने ऐकलं. तिचे डोळे भरले. मला काकांचा असा राग आला, की ती पळी हिसकावून घ्यावी.

नैवेद्य दाखवण्याआधी त्या घरात कुणी चव घेत नाही. नैवेद्य झाला, पानं वाढली. गौरांगने आमटीचा भुरका मारला, जरा थांबला, पानातलं मीठ तिच्यात कालवलं आणि पुन्हा आमटी मागितली. त्याची आई काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आई, पोळी बघ किती मऊ झालीये." काका खूश होऊन आग्रह करत राहिले.

पाहुणे गेल्यावर काका जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला थबकले.

"अनसूया, आमटीत मीठ?"

"आमटी तुमची. मीठ घालायच्या वेळी तुम्ही व्याख्यान देत होतात."

"आणि त्याने दोनदा घेतली?"

"तीनदा," स्वरदा म्हणाली.

काकांनी लगेच फोन उचलला. "होकार कळवून टाकतो."

"अहो, ती आमटी त्यांनी खाल्लीये," काकू म्हणाल्या. "त्यांचा होकार यायचाय अजून."

नकार आपल्यालाही येऊ शकतो, हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते फोन हातात धरून तसेच बसले. तेवढ्यात स्वरदाला गौरांगचा मेसेज आला. तिने मोठ्याने वाचला, "आमच्याकडून होकार. आजच्या आमटीला इंग्रजीत काय म्हणायचं, तेवढं बाबांना विचारून ठेव."

काका इतके हसले, की ठसका लागला. तो आमटीचा नव्हता, एवढं नक्की.