नाडी चालू होती

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आंबागडच्या पायथ्याशी एका लहानशा आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होते. त्या पावसाळ्यात तापाने फणफणलेलं एक मूल माझ्या हातांत दगावलं आणि कुलदेवीवरचा माझा विश्वास डळमळला. रोज हात जोडत होते, पण मागावंसं काही वाटत नव्हतं.

अशात एका दुपारी शेवंता नावाच्या तरुण बाईला खाटेवर घालून आणलं. धानाची रोवणी करताना नाग चावला होता. लगेच सर्पदंशावरची लस दिली, तरी तिच्या पापण्या मिटत गेल्या, मान लुळी पडली आणि श्वास थांबला.

तिचा नवरा खाली बसला. "गेली जी बाई. आता कायले तरास देता तिले?"

मी गळ्यापाशी बोटं ठेवली. नाडी चालू होती.

"गेली नाही. विषानं अंग लुळं पडलंय. विष उतरेपर्यंत तिचा श्वास आपण चालवायचा."

तोंडावर मास्क घट्ट धरून मी त्याला जोडलेला हवेचा रबरी फुगा दाबू लागले. नाल्याला पूर होता, भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं. नर्स सलाईन आणि इंजेक्शनं सांभाळत होती. नवऱ्याचे हात इतके थरथरत होते, की त्याच्याकडे फुगा देववेना. हळूहळू माझी बोटं आखडली. थांबायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. नकळत तोंडून देवीचं नाव निघालं, "आई, आता तूच हात दे."

दारातून एक अनोळखी माणूस आत आला. जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला होता, गावात बहिणीकडे आला होता आणि पुरामुळे अडकला होता.

"आमी बुद्धाले मानणारे, बाई. तुमी तुमच्या देवीचं नाव घ्या. मले फक्त कसं दाबाचं ते सांगा."

मी दाखवलं. तो दाबू लागला. मी नाडी पाहिली, छाती ऐकली, घशातली लाळ काढली. तो थकला की मी, मी थकले की तो. दिवेलागणीला शेवंताची पापणी हलली. मग छाती आपणहून वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. नवरा तोंडात गमछा कोंबून रडला.

पूर ओसरल्यावर तो माणूस निघून गेला. आभार मानले, तर म्हणाला, "मी अडकूनच होतो ना जी."

त्याला देवीनं धाडलं का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. माझ्यापुरतं एवढंच कळलं, की शरण जाणं म्हणजे हातातलं काम सोडणं नव्हे. आपलं बळ संपतं तिथे मदत मागायची, आणि ती ज्या रूपात येईल त्या रूपात घ्यायची. त्या दिवशी ती घेता आली, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.