एका ठिकाणी थोडा खराब

डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी काकांचा ठिपका थांबला. चाकणच्या पश्चिमेला, भामा आसखेड धरणाकडे जाणाऱ्या एका आडरस्त्यावर. मी तो सात वाजून चार मिनिटांनी पाहिला.

काका आमच्या सायकल ग्रुपमधले वयाने सर्वांत मोठे. वय एकसष्ट. पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घरातले. भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली पहिली बरीच वर्षं काळ्या सायकलवरून ये-जा केली. निवृत्तीनंतर मुलीने त्यांना बारीक टायरची रोड बाइक घेऊन दिली. गुरुवारी भोसरी-चाकणच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, रस्त्यावर कंटेनर कमी असतात. म्हणून ते गुरुवारी एकटे निघत. एकट्याने जाणाऱ्याने फोनवरचं लाइव्ह लोकेशन ग्रुपवर टाकायचं, हा आमचा नियम. ते तो पाळत. नकाशावर सरकणाऱ्या त्या ठिपक्याकडे सहसा कोणी बघत नसे. ठिपका थांबला म्हणजे चहा, नाही तर पंक्चर.

ग्रुपसाठी रस्ते काढण्याचं काम माझ्याकडे होतं. नव्या रस्त्यावर मी आधी एकटा जाऊन येई. हँडलवरचं यंत्र गेलेल्या वाटेची नोंद करी. ती फाइल मी ग्रुपवर टाकी, इतर जण ती आपापल्या यंत्रात उतरवून घेत आणि पडद्यावरच्या जांभळ्या रेषेमागून जात. आमच्या भागात याला पर्याय नाही. रावेतपासून चाकणपर्यंत दर महिन्याला कुठे ना कुठे रस्ता खणलेला असतो. ‘काम चालू, रस्ता बंद’ असा फलक लागतो आणि काम संपल्यावरही महिनोन् महिने तिथेच राहतो. त्यामुळे फलक कोणी मानत नाही. मोटार अडली तरी सायकल कडेने निघते, हा सगळ्यांचा अनुभव. आम्ही फलकावर नाही, रेषेवर विश्वास ठेवायचो.

धरणाच्या फेरीचा रस्ता मी तीन आठवडे आधी काढला होता. एका वाडीच्या अलीकडे उतार लागतो. उताराच्या सुरुवातीला असाच एक फलक होता, जरा बाजूला सरकवलेला. मी त्या फटीतून गेलो. दोनशे पावलांवर ओढ्यावरची जुनी मोरी काढून टाकलेली होती. रस्ता आडवा कापलेला, आठेक फूट खोल, खाली सिमेंटचे पाइप. मी उजाडल्यावर गेलो होतो, म्हणून लांबूनच दिसलं. कडेला वाडीतल्या बायकांनी पाडलेली पायवाट होती. मी सायकल खांद्यावर घेतली, खाली उतरलो, पलीकडे चढलो. सायकल थांबली की यंत्र नोंद थांबवतं, आणि पुन्हा पळू लागली की सुरू करतं. मधली जागा ते सरळ रेषेने जोडतं. घरी येऊन पाहिलं तेव्हा रेषा अखंड होती.

फाइलबरोबर दोन ओळी लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं : ‘रस्ता सुंदर, गर्दी नाही. एका ठिकाणी थोडा खराब.’

अपघाताआधीच्या रविवारी आम्ही देहू फाट्यावर चहाला थांबलो होतो. जानेवारीत ग्रुप कोकणात, समुद्रकाठच्या एका गावी जाणार होता. तिथून तीन दिवस किनाऱ्याने वर-खाली सायकल चालवायची होती. काकांची सगळी तयारी त्यासाठीच होती. समुद्र त्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. “एकदा पायानं मारत जायचंय समुद्रावर,” असं ते वर्षभर म्हणत होते. दोन दिवसांपूर्वीच त्यांनी हँडलला यंत्र बसवलं होतं.

“काका, पोपट पाळला का हँडलवर?” हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एकाने विचारलं.

“पोपट परवडला, भावा. त्यो बोलतो तरी. ह्यो नुसता रेघ दावतो.”

“मग रेघेवर चालता का?”

“व्हय. रेघ सोडायची न्हाई, एवढंच कळलंय मला.”

“आणि रेघ समुद्रात गेली तर?”

“तर पवायचं. आमी काय पवनेत पवलो न्हाई व्हय? तुमाला बाथरूमात बादलीची भीती.”

सगळे हसले. मग काका माझ्याकडे वळले. “त्या धरणाची फेरी गुरुवारी मारतो. चढ कसा हाय?”

“चढ सोपा आहे काका. उतारावर मजा येईल.”

मोरीचं मी बोललो नाही. आठवलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय कोकणाकडे गेला.

गुरुवारी सात वाजून चार मिनिटांनी मी ठिपका मोठा करून पाहिला. वाडी ओळखली. मोरीची जागा ओळखली. काकांना फोन लावला. तीन वेळा पूर्ण वाजला, कोणी उचलला नाही. ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, ‘काकांचा चहा लांबला वाटतं.’ त्याखाली दुसऱ्याने, ‘भजी पण असतील राव.’ मी लिहिलं, ‘त्या बाजूला कोणी आहे का?’ कोणी नव्हतं. मी मोटारसायकल काढली.

देहूपर्यंत धुकं होतं. इंद्रायणीच्या पुलावर समोरचा दिवा पुलाच्या मध्यावर आल्यावर दिसला. तळेगाव-चाकण रस्ता सुट्टीमुळे मोकळा होता. बंद फाटकांसमोर कंटेनर रांगेने उभे होते, चालक खाली बसून दात घासत होते. दर दहा मिनिटांनी थांबून मी फोन लावत होतो. सात बेचाळीसला एका बाईने उचलला.

“कोन बोलतंय? ह्यो फोन खाली पाइपात वाजतोय कवाचा.”

“तिथे माणूस आहे का?”

“व्हता की. सायकलवाला. बोलत व्हता, पर उठत न्हवता.”

“त्यांना हलवू नका.”

“आता काय? चौघांनी हातापायाला धरून उचलला, टेम्पोत घातला. चाकणला नेला. फोन तेवढा ऱ्हायला.”

वाडी तिथून दहा मिनिटांवर होती. मी आधी तिकडे गेलो. फलक मी पाहिला होता तसाच होता, तेवढाच सरकवलेला. फटीतून ओल्या मातीत एका बारीक टायरची खूण गेली होती. ती कापलेल्या कडेपर्यंत सरळ होती. कडेजवळ ब्रेक लागल्याची घसरण हातभर दिसत होती. सायकल खाली पाइपावर उलटी पडली होती. पुढचं चाक दुमडलं होतं. यंत्र चालू होतं. पडद्यावर जांभळी रेषा मोरीवरून पलीकडे जात होती. खाली लिहिलं होतं : बाकी ३१ किलोमीटर. वरच्या कोपऱ्यात : पॉज.

गवताचा भारा खाली टाकून ती बाई फोन घेऊन उभी होती.

“फळी लावलीय तरी येत्यात बगा,” ती म्हणाली. “मागं बी एक आलता. पर त्यो शाणा. उतरला, सायकल खांद्यावर घेतली नि गेला. आमी हसलो, म्हनलं, ह्यो सायकलवर बसतो का सायकल ह्याच्यावर बसती?”

पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या डोळ्यांवर गॉगल आणि डोक्यावर हेल्मेट होतं. तिने मला ओळखलं नाही. मी फोन घेतला, यंत्र काढून खिशात घातलं आणि चाकणला गेलो.

दवाखान्यात काकू आणि त्यांची मुलगी माझ्यानंतर वीस मिनिटांनी पोचल्या. कमरेचा मणका मोडला होता. काका शुद्धीवर होते. शस्त्रक्रियेला नेण्याआधी मला आत सोडलं. ते छताकडे बघत होते.

“रेघ सोडली न्हाई बग मी,” ते म्हणाले. मग : “पाय सरळ हायेत का माजे? कळंना.”

पाय सरळ होते. मी तसं सांगितलं.

अकरा ते तीन शस्त्रक्रिया चालू होती. त्या वेळात मी धरणाच्या फेरीची फाइल ग्रुपवरून काढून टाकली. तोवर ती काका सोडून चौदा जणांनी उतरवून घेतली होती. मी चौदाही जणांना फोन केला. बारा जणांनी उचलला. मग कोकणातल्या तीन दिवसांची फाइल उघडली. त्या रस्त्यांवर मी कधीच गेलो नव्हतो. पाच अनोळखी लोकांच्या रेषा जोडून ती मी घरी बसून तयार केली होती. त्यांनी लिहिलेल्या ओळी मी आधी नजरेखालून घातल्या होत्या. आता नीट वाचल्या. खाडीकाठच्या एका रस्त्याखाली लिहिलं होतं, ‘भरतीला जरा जपून.’ एका घाटाखाली, ‘वळणावर किंचित माती.’ दोन ठिकाणी ‘थोडा खराब’ होतं.

काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. हातात काकांचं हेल्मेट होतं. त्याला मागच्या बाजूने चीर गेली होती.

“एक इचारू का?” त्या म्हणाल्या. “फुडं रस्ता न्हाई, ह्ये तुमच्या ग्रुपात कुनालाच म्हाईत न्हवतं?”

“मला माहीत होतं काकू.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मग लिवलं न्हाई?”

“लिहिलं होतं. एका ठिकाणी थोडा खराब.”

“थोडा,” त्या म्हणाल्या. हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं आणि उठून मुलीजवळ जाऊन बसल्या.

काका पुन्हा शुद्धीवर आल्यावर, पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. उजव्या पायाची बोटं हलत आहेत, असं त्यांनी सांगितलं. डाव्या पायाला टाचणी टोचून पाहिली. काकांना ती कळली नव्हती.