गार खिचडी

जिऱ्याच्या फोडणीचा वास आला की लॉकडाऊनमधली आमची मालाडची चाळ आठवते. आई कोविडने हॉस्पिटलमध्ये, मी खोलीत कोंडलेला. चर्चच्या एक मावशी रोज खिचडीचा डबा आणायच्या, पण तो हातात धरूनच दाराबाहेर डोळे मिटून आईसाठी लांबलचक प्रार्थना करायच्या. इकडे माझ्या पोटात कावळे ओरडतायत, तिकडे खिचडी गार! एकदा खिडकीतून ओरडलोच, "मावशी, आधी डबा द्या ना! देव काय पळून जातोय?" दुसऱ्या दिवशी त्या डब्याची पिशवी कडीला अडकवून प्रार्थना न करताच जिना उतरायला लागल्या. खिचडी चांगली वाफाळत होती. मी वैतागून पुन्हा ओरडलो, "अहो मावशी, आईचं राहिलं ना!" आता आईच खिचडी वाढते, आणि मी घास उचलला की म्हणते, "अरे, जरा निवू दे!"