फोडलं तरी, जोडलं तरी

देवपूरच्या शाळेत नवी विज्ञानशिक्षिका असताना मी भलतेच दिवे लावले. अणूचं केंद्रक फोडलं तरी ऊर्जा आणि जोडलं तरी ऊर्जा, हे मलाच पटेना. मग छपाईची चूक आहे असं सांगून मी अख्ख्या वर्गाला पुस्तकातलं 'जोडलं' खोडायला लावलं. काय तो रुबाब!

परवा धुळ्याहून जळगावला जाताना एसटीत नातीने तेच विचारलं. मी बंधनऊर्जेपासून सुरुवात केली, तिने जांभई दिली. शेजारची बोरंवाली टोपलीकडे न बघता नुसत्या बोटांनी किडकी बोरं वेगळी काढत होती. ती म्हणाली, "पोरी, वीस मानसंसनं खटलं फुटनं का बठ्ठा निवांत. दोन एकला जीव जुडनात का त्या बी निवांत. जी तगमग सरनी, तीच बाहेर निंघस."

नात सरकून तिला चिकटली. माझा नुसता जळफळाट! खरंच, मोठ्या एकत्र कुटुंबासारखं युरेनियमचं अवजड केंद्रक फुटून निवांत होतं, सूर्यातला हायड्रोजन जुळून. सरलेली तगमग हीच ऊर्जा. जन्मभर शिकवून मला हे सुचलं नव्हतं. तिची एखादी तरी चूक सापडावी म्हणून मी कान टवकारून बसले.

पारोळ्याला उतरताना तिने नातीच्या ओंजळीत बोरं टाकली आणि माझ्याकडे वळून मायेनं विचारलं, "अक्का, तुमले बी समजनं ना?"