आत्या सायकल निवडते

सायकल चालवून न बघता नुसती उचलून पसंत-नापसंत करणारी बाई अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच झाली, आणि ती माझी आत्या. दुकानात शिरल्यावर ती ना किंमत विचारायची ना गिअर. ओढणी कमरेला बांधायची, दांडीखाली हात घालायची आणि सायकल थेट छातीपर्यंत उचलून धरायची. डहाणूचा गुजराती दुकानदार घाबरून गल्ल्यावरून धावत यायचा. "बेन, चलावीने तो जुओ!" आत्या सायकल खाली ठेवून शांतपणे म्हणायची, "चालवता कोणालाही येतं, शेठ. खाडीवर उचलायला तुम्ही येणार आहात का?"

खाडीचं प्रकरण असं होतं. आत्याला बोर्डीहून किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत जायचं होतं, आणि तेही एकटीने. हायवेने जायला ती काय ट्रक होती? किनारा धरायचा तर वाटेत खाड्या येणार, खाडीवर होड्या असणार, आणि होडीत सामानासकट सायकल स्वतःच्या हाताने चढवता आली पाहिजे, हा तिचा कायदा. लग्न न करता बापाची चिकूची वाडी एकटीने सांभाळलेली ही बाई, पण ती घराबाहेर पाऊल टाकू लागली की माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, जन्मभर एकच प्रश्न विचारत आले, "सोबतीला कोण?" तलाठ्याकडे जायचं तरी सोबत, वापीला चष्मा करायला जायचं तरी सोबत! या शब्दाचा तिला विलक्षण संताप होता, आणि माझ्या मते तो अगदी रास्त होता.

२०१४ साली साठी गाठल्यावर तिने हा बेत जाहीर केला, आणि पुढची चार वर्षं आम्ही सायकली उचलल्या. आम्ही म्हणजे तिनेच. मी नुसता सोबत होतो, पण हे तिला सांगायची माझी छाती नव्हती. हलक्या सायकलला कॅरिअर नसायचं, कॅरिअरवाली उचलायला जड असायची. एका महागड्या सायकलवर वाकून बसावं लागतं असं कळल्यावर ती भर दुकानात म्हणाली, "मान खाली घालूनच जायचं तर घरी काय वाईट होतं?" पार शेजारच्या चिखले गावापर्यंत तिची थट्टा पोचली. "बाय, सायकल कवा घेतेस?" कोणी विचारलं, तर ती सुनावायची, "तुझ्या दारावरून जाईन ना, तवा घंटी वाजवीन."

एवढ्या निवडानिवडीत सायकलींचं वजन काही वाढलं नाही. आत्याचा उजवा खांदा मात्र आखडला. २०१८च्या दिवाळीनंतर अखेर हवी तशी सायकल मिळाली. ताठ बसता येईल असं हॅण्डल, जाड टायर, पुढे-मागे कॅरिअर. तिने भरलेल्या पिशव्या लावून ती उचलली. सायकल गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली. मी हात पुढे केला.

"मागे हो!"

तिने सायकल टेकवली, पिशव्या उतरवल्या, रिकामी सायकल उचलून दाखवली. "द्या हीच. दोन खेपा करीन. कायदा माझा आहे, शेठ, मीच बदलणार."

वडिलांनी अबोला धरला. जानेवारीत ती निघाली. वैतरणेच्या मुखापर्यंत मी मोटरसायकलवरून मागे मागे गेलो, तर तिने ओळखसुद्धा दाखवली नाही. होडी लागल्यावर तिने आधी पिशव्या आणि तंबूची वळकटी नेली, मग घोटाभर पाण्यातून सायकल. उतारू खोळंबले, कुरकुरले. तिने घाई केली नाही. नावाडी हात द्यायला उठला. "मावशी, संगती कोन नाय?"

"नाय. आनि नको."

खांदा दाबत ती फळीवर बसली. तो किती दुखत असेल हे मला ठाऊक होतं, आणि मी खिशात हात घालून उभा होतो. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. होडी सुटल्यावर तिने पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि मोकळेपणाने हसली. ओरडून सांगावंसं वाटलं, थांब, मीही येतो. पण नाही सांगितलं. होडी पार दिसेनाशी होईपर्यंत थांबलो आणि मग गाडीला किक मारली. बोर्डीपर्यंतच्या रस्त्याने मला फार एकटं वाटलं.